भावजींचं लेझर मशीन

माझ्या धाकट्या दिरांइतका डोकं पिकवणारा माणूस अख्ख्या फरीदाबादेत नसेल. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात जन्म गेला, त्यामुळे भिंग लावल्याशिवाय भावजींना जगच दिसत नाही. मंडीत टोमॅटोसुद्धा भिंगातून बघतात. कुकर निवडायला आठ महिने लावले. तोवर मी पातेल्यात डाळ शिजवली. तरुणपणी एक मुलगी बघून आले, पसंतही होती, पण "जरा विचार करतो" म्हणाले. तिच्या मुलाच्या बारशाचे पेढे आले तेव्हाही विचार चालूच होता. मग कायमचे आमच्याकडेच राहिले, माझे यजमान गेल्यावरही.

माझा हात थरथरायला लागला, रांगोळी बिघडायला लागली, तेव्हा तेच म्हणाले, "वहिनी, तुमच्या कमळाचा छापा करू. लेझर मशीन घेतो, स्वस्तातलं." चांगल्या हाताने काढलेलं माझं कमळ वहीच्या एका कागदावर होतं, तो कागद खिशात घालून निघाले. नक्षी कापून काढलेल्या छाप्यातला मधला भाग बारीक पट्ट्यांनी धरून ठेवावा लागतो, नाहीतर गळून पडतो. माझ्या कमळात त्या पट्ट्या दोऱ्याएवढ्या. त्यांच्यापायी दोन दिवाळ्या गेल्या. एका मशीनने पुठ्ठा करपवला, दुसऱ्याने प्लास्टिक वितळवलं, तिसरं सुरेख कापायचं पण आमच्या ऐपतीबाहेरचं. मेट्रो बदलत बदलत गुरुग्रामच्या एका दुकानात इतक्या वेळा गेले की दुकानदार म्हणाला, "अंकल जी, मशीन लेनी है या रिश्ता तय करना है?" घरी येऊन हे स्वतःच सांगितलं आणि हसत बसले. मी हसले नाही. माझ्या दारात दोन वर्षं सुनेने आणलेला रांगोळीचा स्टिकर होता, आणि दूधवाला चपलांसकट त्याच्यावर उभा राहायचा.

यंदा दिवाळी महिन्यावर आली, तशी मी भडकले. "पट्ट्या जाड करा की. कुठलंही मशीन कापेल."

"बिल्कुल नाही. मग ते कमळ तुमचं राहणार नाही, वहिनी."

"मग काय, माझ्या तेराव्याला छापा वापरणार?"

भावजी भिंग पुसत राहिले. मी रागारागात कोरा कागद ओढला आणि जाड पट्ट्यांचं दुसरं कमळ काढलं. हात हलत होता, हलू दिला. कागद त्यांच्यापुढे टाकला. "हे कापा." त्यांनी तो भिंगातून फार वेळ पाहिला. पण विचार करतो म्हणाले नाहीत. आठवड्यात सगळ्यात स्वस्त मशीन आमच्या बाल्कनीत येऊन जळका वास सोडायला लागलं.

धनत्रयोदशीला मी स्टिकर खरवडून काढला, छापा ठेवला, रांगोळी पसरली, छापा उचलला. कमळ उमटलं होतं, माझ्या हाताच्या थरथरीसकट.

"या रेघा सरळ करता आल्या नाहीत?"

"मशीनमध्ये सोय आहे," भावजी म्हणाले. "केल्या नाहीत."

सकाळी दूधवाला रांगोळीला वळसा घालून आला. मला वाटलं, सुटले एकदाची. तर भाऊबीज झाल्याबरोबर भावजी शर्टाच्या खिशात तो जुना, दोऱ्याएवढ्या पट्ट्यांचा कागद ठेवताना दिसले. "एक नवीन मशीन आलंय म्हणे. नुसतं बघून येतो." मेट्रो स्टेशनच्या वाटेला लागेपर्यंत मी त्यांना बोलत होते. मग दार लावून घेतलं. इतक्या जोरात ओरडावं असं माणूस आता मला एवढं एकच उरलंय.