हात बदलेपर्यंत

ठोक्या एकट्यानेच सगळं वाजवतो, याचं लोकांना फार कौतुक. गिटार तोच, बेस तोच, ड्रम तोच. खरं सांगायचं तर त्याच्याबरोबर वाजवायला कुणी उरलंच नव्हतं. पहिल्या बँडमधल्या ड्रमरचे समोरचे दोन दात त्याने एका ठोशात पाडले, तेही ताल जरा मागे पडला एवढ्यावरून. दुसऱ्या बँडच्या गायकाचं डोकं त्याने स्टुडिओच्या दारावर आपटलं. त्यानंतर शहाण्या माणसांनी त्याच्या वाटेला जायचं सोडलं.

पोटापाण्यासाठी तो गॅरेजात डेंटर होता. ठोकर बसलेल्या गाड्यांचे चेपलेले पत्रे आतून ठोकून सरळ करायचे, हे त्याचं काम. ठोक्या हे नाव तिथेच चिकटलं. सुट्टीच्या दिवशी मालक त्याला गॅरेजची किल्ली द्यायचा. मग भंगारातल्या गाडीचा एक दरवाजा साखळीने छताला टांगून, समोर माइक लावून, तो हातोडीने त्याला असा बडवून काढायचा की शेजारचा पंक्चरवाला दुकान उघडं टाकून रस्त्यापलीकडे जाऊन बसे. त्या दरवाजावर आणि एका गिटारवर त्याने अख्खा अल्बम उभा केला. शब्द मात्र एकही नाही.

"कुणीतरी गाणारा घे की," मालक म्हणाला. "डोळे मिटले की हाणामारीचा सिनेमा दिसतो बघ, पण त्यातला हीरो काही बोलतच नाही."

"बोलायचं काय त्यात?" ठोक्या म्हणाला.

लहानपणी त्याच्या घरात तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती. बाप कारखान्यातून यायचा तो लोखंडी जिन्याने, नाल मारलेल्या बुटांनी, एक पाय किंचित घासत. मग कडी, मग दार, मग खुंटीवरचा मशीनचा जुना पट्टा. रडलं की फटके जास्त बसायचे. म्हणून ठोक्या आणि त्याची ताई टेबलाखाली शिरून बाही दातात धरून बसायची. भिंतीकडची जागा ताई त्याला द्यायची, कारण बाहेर बसणाऱ्याचा पाय बापाच्या हाती आधी लागायचा. एकदा आई मधे पडली आणि तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात तिने सांगितलं, जिन्यात पडले. असल्या माणसाला मरण मात्र झोपेत आलं, मऊ गादीवर. याचा संताप कुणाला येणार नाही?

ताई पुढे लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागली. भले भले पैलवान सुई बघून ढेपाळायचे, पण तिचा हात कधी हलला नाही. ठोक्याला पहिली गिटार तिनेच आणून दिली होती, आणि तिने हूं म्हटल्याशिवाय त्याची एकही धून पुरी होत नसे. अल्बम बाहेर पडायला थोडेच दिवस उरले होते, तेव्हा ती गॅरेजात ऐकायला आली. स्टुलावर बसून तिने हेडफोन चढवला. तीन धुनांना हूं मिळालं. चौथी सुरू झाली. दरवाजावर एक जड ठोका, मग घासल्यासारखा हलका. पुन्हा जड, पुन्हा घासत, जवळ जवळ येणारा.

ताईने हेडफोन उपटून फेकला.

"ही पूस. आत्ता, माझ्यासमोर."

"अगं, सगळ्यात भारी हीच झालीये. ऐकताना भीती वाटते म्हणतो मालक."

"वाटणारच. तो जिना चढतोय."

ठोक्याला खरंच ठाऊक नव्हतं. हा ताल त्याने रात्रंदिवस घोटला होता, पण तो हातात कुठून आला हे कधी विचारलं नव्हतं. आता कळलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

"मग काय झालं? दुसरं काय दिलंय त्याने मला? एवढं एकच आहे, ते मी वापरणार."

"आणि लोकांनी त्यावर माना डोलवायच्या?"

ताईने हातोडी उचलली आणि कॉम्प्युटरवर घातली. काच खळकन फुटली. ठोक्याने तिचं मनगट पिरगाळून हातोडी हिसकावली आणि तिला ढकलून दिलं. तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं. तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याचा हातोडीचा हात वर गेला.

ताई ओरडली नाही. केस पिकलेली, गुडघे आखडलेली ती बाई रांगत टेबलाखाली गेली आणि तिने बाही दातात धरली.

ठोक्याने वर गेलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. मूठ, मनगट, त्यावरची फुगलेली शीर, सगळं बापाचं. त्याने हातोडी भिरकावली. ती टांगलेल्या दरवाजावर आदळली आणि ताई दचकून आणखी आत सरकली. तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं. तो ग्रीसमधून रांगत टेबलाखाली शिरला आणि बाहेरच्या बाजूला बसला.

"पुसतो, ताई. सगळंच पुसतो. शप्पथ."

बऱ्याच वेळाने तिने बाही तोंडातून काढली.

"चुकलंय पण ते," ती म्हणाली.

"काय?"

"तू न थांबता वाजवलंयस. तो मधे थांबायचा. उजवा हात भरून आला की पट्टा डाव्यात घ्यायचा. तेवढ्यात आपण श्वास घ्यायचो. ते तू गाळलंस. ते घाल, मग राहू दे."

अल्बम उशिरा निघाला. चौथ्या धुनेत मारा ऐन भरात असताना सगळं एकदम थांबतं. मालकाला वाटलं, मशीन बिघडलं. नीट कान दिला तर तिथे दोन माणसांचा श्वास ऐकू येतो, आणि मग पुन्हा सुरू होतं.

पण ते सगळं नंतर. त्या दिवशी ठोक्या ताईला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई टाके घालायची तयारी करत होत्या.

"कशाने लागलं?" त्यांनी विचारलं.

"जिन्यात पडले," ताई म्हणाली.

"पडली नाही," दाराशी उभा असलेला ठोक्या म्हणाला. "मी मारलं."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि कोंडून धरलेला श्वास सोडला.