एमिलचे अकरा

मे महिन्यात सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले की एमिल ह्लावाटी ते घेऊन पुढच्या पोर्चमध्ये बसत असे. हातात पेन्सिल, शेजारी कॉफी, आणि चेहऱ्यावर असे गांभीर्य, जे त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही. अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलचे सतरा सामने. एमिल एकेक हाती घेई. पहिला घरच्या मैदानावर, म्हणजे जिंकलाच. दुसरा परगावी, पण त्यांचा चेंडू फेकणारा गडी नुकताच गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला, म्हणजे तोही जिंकला. तिसरा अवघड; पण अवघड सामन्यात आपली पोरे ईर्ष्येने खेळतात. असे करत, अगदीच पक्षपात दिसू नये म्हणून सहा सामने तो मोठ्या मनाने समोरच्यांना देऊन टाकी आणि बेरीज करी. बेरीज अकरा येई.

दरवर्षी अकरा. प्रशिक्षक बदलले, खेळाडू बदलले, मालकसुद्धा बदलला. अकरा बदलले नाहीत. संघ मात्र चार जिंके, पाच जिंके, एखाद्या वर्षी सहा जिंकून गावाला उगीच आशेला लावी.

गंमत अशी की एकेक सामना सुटा घेतला तर एमिलचे काहीच चुकत नसे. सुटा सामना कोणीही जिंकू शकतो. चुकायची ती फक्त बेरीज. एरी सरोवराच्या त्या काठावर वेस्टलिन गावात हा आजार घरोघरी आहे. एमिलला तो जरा जास्त होता, इतकेच.

त्याची शिक्षाही ठरलेली होती. सेंट गोराझ्द चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, मोसम सुरू होण्याआधीच्या रविवारी, जेवणे आटोपली की मंडळी एकेक करून उभी राहत आणि आपला आकडा मोठ्याने सांगत. एकदा उच्चारलेला आकडा बदलता येत नसे. ज्याचा आकडा बरोबर येई त्याला वर्षभर हॉलमधल्या टीव्हीसमोरचे गादीचे स्टूल मिळे. ज्याचा सगळ्यात जास्त चुके त्याने ईस्टरआधीच्या उपवासकाळात बटाटे सोलायचे. त्या काळात दर शुक्रवारी चर्चमध्ये पिरोही विकतात, बटाटा आणि चीज भरलेल्या, उकडलेल्या करंजीसारख्या. सगळे गाव रांग लावते. तेव्हा बटाटे पोत्यांनी लागतात आणि सोलणारा माणूस एकच. बदली चालत नाही.

गेली वीस वर्षे तो माणूस एमिल होता. मोटारींचे बंपर बनवणाऱ्या कारखान्यात त्याने अख्खी नोकरी काढली, पण गावात त्याची ओळख बटाट्यांमुळे झाली. सालीतून पलीकडचे दिसावे इतके पातळ तो सोलत असे. स्वयंपाकघरातल्या बायका त्याच्यावर खूश होत्या. संघ हरत राहावा अशी प्रार्थना त्या करत असत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जिंकावा म्हणूनही त्यांनी कधी मेणबत्ती लावली नाही.

त्या स्वयंपाकघराची मुख्य होती एमिलची बायको, बर्नडीन. त्या ऑगस्टमध्ये त्यांच्या मुलीचा, कॉलेटचा, टॅम्पाहून फोन आला. लग्नाला बारा वर्षे झाल्यावर तिला दिवस गेले होते. मार्चच्या सुरुवातीला बाळ येणार होते. आईबाबांनी दोघांनीही यावे, असे तिने रडत सांगितले. मार्चची सुरुवात म्हणजे ऐन उपवासकाळ.

बर्नडीनने फोन ठेवला आणि ती म्हणाली, "या वर्षी तू चार म्हणायचंस."

"संघ यंदा खरंच बरा आहे, बर्नी. बचावाची फळी बघ—"

"एमिल, नात होणार आहे की नातू ते मला ठाऊक नाही. पण ते बाळ जन्मेल तेव्हा तू पोत्यावर बसलेला असणार नाहीस. चार."

एमिलने कबूल केले. तेव्हापासून मात्र त्याचे घरात लक्ष लागेना. पोर्चवरचा संघाचा झेंडा वाऱ्याने खांबाला गुंडाळला गेला, तो त्याने सोडवला नाही. सरावाचे सामने तो दूरच्या नातेवाइकाच्या अंत्यविधीला बसल्यासारखा, मांडीवर हात ठेवून बघे. बर्नडीन भांडी पुसता पुसता हे पाहत होती.

रविवार आला. आदल्या वर्षी सोलणाऱ्याने आधी बोलायचे, असा रिवाज असल्यामुळे वीस वर्षे पहिला मान एमिलचाच होता. तो उभा राहिला. लोकांनी हसायची तयारी केली. एमिलने घसा साफ केला आणि बुटांकडे बघत तो म्हणाला, "चार."

लोकांची हसायची तयारी वाया गेली.

शेजारी क्लेरन्स दुबिक बसला होता. हा निवृत्त विमा एजंट. दरवर्षी तो शहाण्या माणसाच्या संथ आवाजात "आठ" म्हणे आणि आपण कसे संयमी आहोत ते चेहऱ्याने दाखवी. आज त्याने एमिलची बाही धरली.

"पुन्हा सांग. किती?"

"चार."

"तब्येत बरी आहे ना तुझी? डॉक्टर काही म्हणाला का?"

एमिलने मान हलवली. क्लेरन्स उभा राहिला, छताकडे बघून त्याने मनात हिशेब केला आणि तो म्हणाला, "तीन."

मग जे झाले ते बघण्यासारखे होते. वीस वर्षे हे लोक सात म्हणत, आठ म्हणत, एखादा धीट नऊही म्हणे, कारण अकरावर एमिल उभा होता. कोणी कितीही आशा केली तरी बटाटे एमिलच सोलणार होता. सगळ्या हॉलच्या आशेचा विमा एमिलने भरला होता, आणि हे विमा एजंटाखेरीज कोणाच्या ध्यानात आले नव्हते. आता जो जास्त आशा करील त्याच्या हातात सुरी. दोन आले, पुन्हा दोन आले. गालावर संघाचे रंग फासून आलेल्या एका गृहस्थाने एक सांगितला. आशा हा थोर सद्गुण आहे, असे त्याच सकाळी प्रवचनात सांगणारे फादर ऑगस्टिन, हे विषय ईश्वराच्या हाती आहेत, असे म्हणत दोनवर थांबले. शेवटच्या टेबलावरून शून्य आला, आणि त्या माणसाकडे लोकांनी हेव्याने पाहिले.

एमिल खाली मान घालून बसला होता. आपण सणाच्या जेवणात कोणी मेल्याची बातमी आणली असे त्याला वाटत होते. तेवढ्यात स्वयंपाकघराचे दार उघडले. बर्नडीन पीठ लागलेले हात एप्रनला पुसत बाहेर आली. स्वयंपाकघरातल्या बायकांनाही आकडा सांगायची मुभा होती. कामे सोडून ती आजवर कोणी घेतली नव्हती, एवढेच.

"अकरा," बर्नडीन म्हणाली.

एमिल ताडकन उठला. "बर्नी, मार्चमध्ये आपल्याला टॅम्पाला—"

"मला महिने कळतात." ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चाळीस वर्षं मी अकराशी संसार केलाय. चाराबरोबर मला एक हिवाळासुद्धा काढता येणार नाही."

हॉलला एकदम हायसे वाटले. क्लेरन्सने लगबगीने हात वर केला. "माझे तेवढे आठ करून घ्या." पण उच्चारलेला आकडा बदलत नाही, याची फादर ऑगस्टिननी त्याला प्रेमळपणे आठवण करून दिली. त्यांना स्वतःलाही सहा म्हणायचे होते, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते.

संघाने त्या मोसमात तीन सामने जिंकले. एमिलने प्रत्येक सामना झेंडा सोडवून, घसा बसेपर्यंत ओरडून पाहिला. चारच म्हटले होते हे तो पहिल्याच रविवारी विसरला. क्लेरन्सला गादीचे स्टूल मिळाले. आपला संघ टाकाऊ आहे हे अचूक ओळखल्याचा तो मान. वर्षभर तो त्या स्टुलावर एकटाच बसत असे, कारण त्याच्याशी वाद घालायला कोणी फिरकत नव्हते.

जानेवारीत एमिल हॉलमध्ये फादरांकडे गेला आणि बायकोच्या जागी सोलू द्या म्हणून विनवू लागला. स्टुलावरून क्लेरन्स म्हणाला, "नियम म्हणजे नियम, एमिल. वीस वर्षांत तुझ्या जागी कोणी बसलं होतं का?"

घरी आल्यावर बर्नडीनने त्याची बॅग भरायला घेतली.

"मी एकटा जाऊन काय करू?" एमिल म्हणाला. "मला बाळातलं काय कळतं?"

"कॉलेटच्या वेळी मला तरी कुठे कळत होतं? तू तर सामना बघत होतास. जा, आता बघून घे."

टॅम्पाच्या विमानतळावर बाप एकटाच उतरलेला पाहून कॉलेटचा चेहरा पडला. तिने तो सावरला, पण एमिलला दिसला. घरी गेल्यावर कुठे बसावे हे न कळून तो स्वयंपाकघरात शिरला. ओट्याखाली बटाट्यांची पिशवी होती. निदान तिथे त्याला बोलायला विषय होता. त्याने सूप केले, दुसऱ्या दिवशी बटाट्याचे वडे तळले, तिसऱ्या दिवशी पिरोही केल्या. जावई तिथल्या संघाचा भक्त, आणि तो संघ सामने जिंकत असे. पहिल्या दिवशी त्याने सासऱ्याच्या संघावर दोन विनोद केले. पिरोहीनंतर ते बंद झाले. कॉलेट बाळंत होऊन मुलीसह इस्पितळातून परतली तेव्हा तिला आयते गरम जेवण मिळाले, आणि बापाच्या मांडीवर झोपलेले बाळ उचलून घ्यावेसे तिला वाटले नाही.

शुक्रवारी एमिलने फोन लावला. बर्नडीन पोत्याजवळ बसली होती, फोन कान आणि खांदा यांच्या मध्ये धरून. तिच्या साली जाड निघत होत्या, आणि एमिल असता तर, असे सुस्कारे मागून ऐकू येत होते.

"माझं बोट धरलं की सोडतच नाही," एमिल सांगत होता. "नाक तुझ्यावर गेलंय. बर्नी, तू इथे हवी होतीस."

"हं," बर्नडीन म्हणाली. तिची सुरी थोडा वेळ चालली नाही. "रडते का?"

"नाही. मी तिला वाचून दाखवतो. पुढच्या मोसमात कोणाकोणाशी सामने आहेत ते आताच कळलंय. तारखा मेमध्ये येतील, पण नुसत्या नावांवरूनही अंदाज येतो."

"किती?"

एमिल घुटमळला. "आपण दोघांनी पुढच्या मार्चमध्ये यायला हवं. तिचा पहिला वाढदिवस."

"किती ते सांग."

"अकरा."

बर्नडीनने पुढचा बटाटा उचलला. "मग त्यांना वाढदिवसाला इकडे बोलाव," ती म्हणाली. "तू कुठे जाणार आहेस? तू सोलत असशील."