वाढवून लिहिलेले दोन इंच

ये, अशी जवळ बस. अजून जवळ. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. असलं काही फोनवर विचारतात का गं? “मामी, आईच्या कपाटात एक फोटो मिळाला, अंगावर आडवा पट्टा आणि सात नंबर. ती खरंच सौंदर्यस्पर्धेत होती?” मी इकडे कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, आणि तू एका दमात हे विचारून मोकळी! घाटकोपरला यायला तुला सवड नाही, पंचायती मात्र हव्यात. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी सातवीपर्यंत, तेव्हा चुका काढू नकोस. तू समोर बसलीयस असं धरून लिहितेय.

तर हो, होती. अख्ख्या देशातून निवडलेल्या वीस मुलींत होती. ऐंशी साल उलटून गेलं होतं, टीव्ही नुकता रंगीत झाला होता आणि आमच्या चाळीत तो एकाच घरी होता. मला या घरात येऊन पाच वर्षं झाली होती. तुझी आई, म्हणजे माझी नणंद, बावीसची. विक्रोळीला एका ऑफिसात टायपिस्ट होती. उंच इतकी की आमच्या दारातून वाकून आत यायची. मी घरी ब्लाउज शिवायची.

एका मासिकात फॉर्म आला होता. तिने गुपचूप स्टुडिओत फोटो काढून तो पाठवला, आणि एक दिवस पोस्टमनने जाडसर पाकीट आणलं. ते तिच्याआधी माझ्या हातात पडलं. मी उजेडात धरून बघितलं. उघडलं नाही हं, नुसतं बघितलं. आत इंग्रजी टाइप होतं. मला तेव्हाच वाटलं, यात काहीतरी भानगड आहे. मुलींना पत्र पाठवून बोलावणारी माणसं कोण असतात, सांग बरं?

संध्याकाळी घरात पत्र वाचून झालं. तुझी आजी भाजी निवडत होती, पोरीला कुठेतरी नेणार म्हटल्यावर तिचे हात थांबले. “चेडवाक खंय नेतत ते? नाचवूक?”

“नाचवायला नाही गं आई, चालायचं असतं. आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची.”

“चालूक काय परीक्षा लागता?”

तुझा मामा म्हणाला, “ठाण्याच्या स्थळाला हे कळलं ना, तर वाट लागली समज.”

ठाण्याचं स्थळ म्हणजे तुझे बाबा. तेव्हा नुसती पत्रिका जुळली होती. तुझे बाबा भला माणूस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या दिवशी तुझी आई मला मोरीपाशी गाठून म्हणाली, “वहिनी, जिंकले तर परदेशात जायला मिळतं. काम मिळतं. माझ्याकडे ही एकच वाट आहे. हरले तर तुम्ही म्हणाल त्याच्याशी लग्न करीन, तोंडातून शब्द काढणार नाही. पण एकदा जाऊ दे.”

मी तिची बाजू घेतली नाही. मी इतकंच म्हटलं, “जाणार असशील तर मी बरोबर येणार. एकटीला सोडणार नाही.” घरात यावर सगळ्यांचं जमलं. मला राखण म्हणून पाठवलं म्हण ना.

स्पर्धेवाल्यांचं ऑफिस अंधेरीला होतं. बसने साकीनाक्यावरून गेलो. बाहेर पाटी अगदी बारीक, तेव्हाच मला खटकलं. खऱ्या धंद्याची पाटी मोठी असते. आत बाकांवर मुली बसलेल्या, आणि प्रत्येकीच्या बाजूला एक आई. मी आयुष्यात एवढ्या आया एकमेकींकडे इतक्या तिरक्या नजरेने बघताना पाहिल्या नाहीत. एक दिल्लीची, तिने मुलीची पर्स मांडीवर दाबून धरलेली. माझ्या शेजारी एक जाड बाई, डब्यातून मुलीला काकडीच्या चकत्या भरवत होती. मराठीच होती, बोरिवलीची.

“तुमची मुलगी चेहऱ्याला काय लावते हो?” तिने विचारलं.

“नणंद आहे. बेसन लावते.”

“नुसतं बेसन?”

“साय असली तर साय.”

“सांगायचं नसेल तर नका सांगू,” असं म्हणून तिने डब्याचं झाकण लावलं. जणू मी तिची काकडी पळवणार होते.

मग आतून एक मनुष्य आला, गळ्यात टेप. सगळ्या मुलींना एकसारखे पांढरे लांब गाऊन शिवणार होते, त्यासाठी मापं हवी होती. तो एकेकीला पडद्यामागे बोलावू लागला. मी उठले आणि पडद्यासमोर उभी राहिले.

“हिचं माप मी घेणार.”

“मॅडम, मी बारा वर्षं हेच काम करतोय.”

“मी पण शिवते. टेप द्या इकडे.”

तुझी आई म्हणाली, “वहिनी, सगळ्यांसमोर काय हे!” पण मी ऐकते होय? पुरुष शिंपी, पडद्यामागे, आणि आमची तरणीताठी पोर! त्याने टेप दिली, फॉर्म दिला. बघ, तुला सगळं सांगायचं तर इथेच सांगायला हवं. त्या फॉर्मवर माप मीच लिहिलं.

आता माझी कामाची पद्धत ऐक. आमच्या घाटकोपरच्या बायका माप देताना पोट आत ओढतात, श्वास रोखून धरतात. मग ब्लाउज घट्ट झाला की मलाच येऊन बोलतात. म्हणून माप देणाऱ्या बाईवर मी कधी विश्वास ठेवला नाही. टेपवर येईल त्यात दोन इंच मिळवायचे आणि तेच वहीत लिहायचं. वर्षानुवर्षं तसंच. तुझी आई पुतळ्यासारखी सरळ उभी होती, श्वास रोखणं वगैरे काही नाही. छाती बत्तीस, कंबर चोवीस आली. मी लिहिलं चौतीस, सव्वीस. हात आपोआप चालला. ती तेव्हा दुसऱ्या कागदावर आपले छंद लिहीत होती, तिने बघितलंच नाही. आणि त्यांचा शिंपीही, कुठल्याही शिंप्यासारखा, कापताना आपलं सैल धरणारच होता. हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

स्पर्धा विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात होती. गाऊन ऐन वेळी द्यायचे, म्हणजे कुणी आपापलं काही बदलू नये. त्यांनाही संशय होताच की! दुपारी मुलींना एका मोठ्या खोलीत कपडे बदलायला नेलं, बरोबरच्या बायकांना दारापर्यंत येऊ दिलं. पाच मिनिटांत तुझी आई दाराशी आली. गाऊन अंगावर नुसता लोंबत होता. खांद्यावरून घसरत होता, कमरेला तर मूठभर कापड हातात येत होतं.

“वहिनी, काहीतरी कर ना.”

आणि मी काय केलं ठाऊक आहे? सुई-दोरा मागायचा सोडून मागे वळले आणि त्या काकडीवाल्या बाईला धरलं. “तुम्हीच बदललात गाऊन! त्या दिवसापासून बघतेय मी तुम्हाला!”

ती बिचारी गांगरली. “अहो ताई, माझी मुलगी तुमच्या मुलीच्या खांद्यालासुद्धा लागत नाही. तिचा गाऊन हिला येईल तरी का?”

“मग दुसऱ्या कुणी बदलला असेल!” माझा आवाज चढला. मुली, आया सगळ्या गोळा झाल्या. टेपवाला धावत आला. त्याने बोलण्यात वेळ घालवला नाही. फायलीतून फॉर्म काढला आणि तुझ्या आईच्या हातात दिला.

तिने बघितलं. चौतीस, सव्वीस. माझं अक्षर तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? मीच तर तिच्या ऑफिसच्या डब्यावर नाव लिहून द्यायची.

सगळ्यांसमोर, हळू आवाजात तिने विचारलं, “वहिनी, तू मुद्दाम केलंस?”

सवय, बायका, पोट आत ओढणं, हे सगळं तिथे उभं राहून कसं सांगायचं? आणि ठाण्याच्या स्थळाला हो म्हण, असं तर मीच रोज तिच्या मागे लागले होते. तिच्या जागी मी असते तर मीही तोच संशय घेतला असता.

काकडीवाल्या बाईनेच पर्समधून सेफ्टी पिना काढल्या. जिला मी आत्ता चोर ठरवलं होतं, तीच गुडघ्यावर बसून तुझ्या आईच्या पाठीमागे पिना लावत होती. मी रोज शिवणारी, पण मला एकही लावता आली नाही.

तुझी आई चालली. छान चालली गं, मान ताठ ठेवून. पण डावा हात सारखा खांद्यापाशी जात होता, एक पिन सुटली होती. पहिल्या फेरीनंतर पुढे जाणाऱ्यांचे दहा नंबर पुकारले. तिचा सात त्यांत नव्हता.

आता लिहायला नको वाटतंय, पण लिहिते. नंबर पुकारून संपले तेव्हा, अगदी एक क्षण, मला हायसं वाटलं. चला, सुटलो, आता ही घरी येईल, लग्न होईल, लोक काही बोलणार नाहीत. मुद्दाम मी काही केलं नव्हतं, देवाशपथ. पण ते हायसं वाटणं खरं होतं, आणि तेव्हापासून मीच माझ्यावर संशय घेत आलेय. हात नुसता सवयीने चालला, की आणखी कशाने? मला सांगता येत नाही.

घरी येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. ती रडली नाही. साकीनाका आला तेव्हा फक्त म्हणाली, “ठाण्याला हो कळवा.”

लग्नाचे ब्लाउज तिने बाहेरून शिवून घेतले. घरात मशीन असताना! चाळीतल्या बायका मला विचारायच्या, मी काहीबाही सांगायची. त्यानंतर आजतागायत तिने माझ्या हातचं काही शिवून घेतलं नाही. सणाला येते, हळदीकुंकू करते, माझ्या गुडघ्यांची विचारपूस करते, सगळं करते. त्या दिवसाबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही, मीही नाही.

तिला अजून वाटतं का मी मुद्दाम केलं? मला हेच विचारायचंय. सवयीचं सांगायचंय, आणि हायसं वाटलं होतं तेही सांगायचंय, मग तिला जे वाटेल ते वाटो. फोनवर नाही, समोरासमोर. आता आमचे दिवस किती राहिलेत गं?

तेव्हा तू एवढं कर. हा रविवार नाही जमला तर पुढचा बघ, पण लवकर ये, आणि तिला बरोबर आण. काही सांगू नकोस. मामीने बोलावलंय म्हणालीस तर तिला लगेच संशय येईल. नुसतं म्हण, जाऊ या घाटकोपरला.