हिरवा शिक्का

सरकारी दवाखान्यातल्या रिपोर्टच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणत. अकरा वर्षं त्या एकाच खुर्चीवर होत्या आणि अकरा वर्षं एकच गोष्ट त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. रक्ताचा रिपोर्ट घ्यायला माणसं सकाळपासून रांगेत उभी राहत आणि तो हातात पडला की डॉक्टरांच्या दाराशी दुसऱ्या रांगेत. तिथे दुपारपर्यंत ताटकळायचं आणि ऐकायचं काय, तर सगळं ठीक आहे, घरी जा.

कामात सुधारणा सुचवणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षीस मिळेल, असं परिपत्रक आलं तेव्हा ताईंनी घाबरत घाबरत एक पान लिहून दिलं. ज्या रिपोर्टमध्ये काही वावगं नाही त्यावर लॅबमध्येच हिरवा शिक्का मारावा, म्हणजे ती माणसं खिडकीवरूनच घरी जातील. अधीक्षकसाहेबांनी दोन महिने तसं करून पाहिलं. रांग निम्म्यावर आली. सबंध खात्यातून निवडलेल्या सहा जणांत ताईंचं नाव लागलं. प्रशस्तिपत्र, जादा वेतनवाढ आणि सचिवांच्या हस्ते सत्कार! सासूबाईंनी ही बातमी इतक्यांदा सांगितली की शेजारणी त्यांना लांबून पाहून दार लावून घेऊ लागल्या.

सत्काराला पाच दिवस उरले असताना शिवणकाम करणारी एक बाई खिडकीशी आली.

"ताई, शिक्का तर हिरवा होता. पण मला मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येते हो."

ताईंनी तिचा रिपोर्ट हातात घेतला. पहिलं पान ठीक होतं, शिक्काही होता. त्यांनी पान उलटलं. मागे दुसरं पान टाचलेलं होतं आणि त्यावर हिमोग्लोबिन हवं त्याच्या निम्म्याहून कमी होतं. ते पान कुणी पाहिलंच नव्हतं. बाईला त्यांनी हाताला धरून डॉक्टरांकडे नेऊन बसवलं आणि जेवणाच्या सुट्टीत लॅब गाठली.

"दोन पानी रिपोर्टवर शिक्का कसा मारता तुम्ही?"

लॅबवाला चिडला. "पहिलं पान बघून. तुमच्या कागदावर पानं उलटा असं कुठे लिहिलंय? आता माझ्या माथी मारू नका."

तसं खरंच लिहिलं नव्हतं.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणत म्हटलं, "अगं, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. सत्कार होऊ दे, मग सांग. आईचं तोंड बघ जरा."

आतल्या खोलीत सासूबाई समारंभाला घालायचे कपडे पलंगावर मांडत होत्या. ताईंनी ताट बाजूला सारलं. आपल्याच शिक्क्यावर भरवसा ठेवून आणखी किती जण घरी बसले असतील?

सकाळी त्या खिडकीवरची रिपोर्टच्या नोंदींची वही घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"बाई, निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात! आधी सुचलं नाही का हे?"

"नाही सुचलं, साहेब. चूक माझीच आहे. पण आधी माणसं शोधूया."

साहेबांनी स्वतःच फोन पुढे ओढला. दोन पानी हिरवे रिपोर्ट सेहेचाळीस निघाले आणि त्यातल्या नऊ जणांच्या मागच्या पानावर गडबड होती. संध्याकाळपर्यंत आठ जण सापडले. नववा एका शाळेचा म्हातारा रखवालदार होता. त्याची साखर भलतीच वाढलेली आणि फोन बंद.

वहीतला पत्ता घेऊन ताई बसने निघाल्या. बस जिथे तिथे थांबत होती आणि दर थांब्याला त्या घड्याळ बघत होत्या. दार रखवालदाराच्या सुनेने उघडलं.

"मामंजी? झोपलेत. दुपारपासून झोपलेतच. रिपोर्ट चांगला आला ना, म्हणून म्हटलं, थकले असतील."

ताई आत धावल्या. हाका मारल्या, खांदे हलवले. म्हाताऱ्याने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. दोघींनी मिळून त्याला उचलून रिक्षात घातलं. दवाखान्याच्या वाटेत सून एकसारखी विचारत होती, "शिक्का हिरवा होता ना, ताई?" आणि ताईंना तिच्याकडे बघवत नव्हतं.

तीन दिवसांनी म्हातारा शुद्धीवर आला. तोवर साहेबांनी ताईंचं नाव यादीतून काढून घेण्याचं पत्र वर पाठवलं होतं. सासूबाई आठवडाभर कुणाकडे गेल्या नाहीत. ताईंशी बोलल्या तेही कामापुरतं.

पण शिक्का बंद झाला नाही. ताई आणि लॅबवाला, आधी तोंड फिरवून आणि मग एका टेबलाशी बसून, नवी पद्धत लिहू लागले. शिक्का शेवटच्या पानावर मारायचा, शेजारी पानांचा आकडा टाकायचा आणि खाली डॉक्टरांची सही घ्यायची. पुढच्या वर्षी निवड समितीने तीच सूचना उचलली. या खेपेला अर्जावर दोन नावं होती, ताईंनी हट्टाने घातलेली.

सत्काराच्या दिवशी ताई सभागृहात बसल्या खऱ्या, पण टाळ्या त्यांच्या कानात शिरतच नव्हत्या. आज खिडकीवर नवखी मुलगी बसली होती. तिला पानं उलटायची आठवण राहील ना? दोघांना मंचावर बोलावलं तेव्हा त्या लॅबवाल्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "तुम्ही घ्या हो प्रशस्तिपत्र. मी बाहेर जाऊन एक फोन करून येते."