नव्या आवृत्तीचे रंग

शरत मोहिते त्या दिवशी खुर्चीवर टिकेना. एरवी हा माणूस एकदा बसला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागचा हलायचा नाही. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या त्या छोट्या ऑफिसात त्याला सगळे ‘निधान शरत’ म्हणायचे. निधान म्हणजे कन्नडमध्ये सावकाश. बोअरवेलच्या पाण्याचे नकाशे काढणं हे ऑफिसचं काम, आणि जो नकाशा इतरांचा घटकाभरात वाचून व्हायचा त्याला शरत अर्धा दिवस लावायचा. त्याच्या कामात चूक निघत नसे, म्हणून मालक अनंतकृष्ण त्याला काही बोलत नसत. आणि आज हा निधान शरत पाणी प्यायला उठत होता, खिडकीशी जात होता, परत येऊन स्क्रीनकडे बघत होता आणि पुन्हा उठत होता.

निमित्त झालं होतं ‘पेबल’चं. ऑफिसचं सगळं गणित या सॉफ्टवेअरवर चालायचं. पेबल फुकट. जगभरचे विद्वान आणि हौशी मिळून ते लिहितात. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं, आणि चर्चेच्या जाहीर पानावर कुणीही यथेच्छ भांडावं. त्याची नवी मोठी आवृत्ती यायची होती आणि वापरून बघण्यापुरती ती आधीच सगळ्यांना मिळाली होती. त्यात नवं काय काय आहे ते मारुतीच्या शेपटासारखं लांबत गेलं होतं. मोठाली समीकरणं आता कॉम्प्युटरचे सगळे कोअर, म्हणजे आतले छोटे मेंदू, मिळून सोडवणार होते, त्यामुळे रात्रभर चालणारं काम चहा होईपर्यंत उरकणार होतं. एखाद्या विहिरीचं माप घ्यायचं राहिलं तर जुनं पेबल तिथं गुपचूप शून्य धरायचं. नवं ती जागा रिकामी ठेवून तसं बजावून सांगणार होतं. ऑफिसातली तरुण मंडळी एवढ्यावरच खूश झाली. अगदी शेवटची गोष्ट कुणी वाचलीसुद्धा नाही. नकाशांचे ठरलेले रंग बदलले होते. निळ्या-हिरव्या-पिवळ्या-लाल अशा इंद्रधनुष्यी पट्ट्याच्या जागी गडद निळ्यापासून उजळ पिवळ्यापर्यंत चढत जाणारा पट्टा येणार होता, म्हणजे ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांनाही नकाशा वाचता येईल.

शरतनं बन्नूरकडचा क्षारांचा नकाशा सहज म्हणून नव्या आवृत्तीत उघडला. कालव्याच्या खालच्या अंगाला, उसाच्या पट्ट्यात, खारं पाणी कसं पसरत गेलंय ते त्याला दिसलं. वाचावं लागलं नाही, दिसलं. हाच नकाशा गेल्या महिन्यात त्यानं एकेका ठिपक्यावर क्लिक करून, आकडा बघून, मनातल्या मनात जुळवून वाचला होता. जुन्या रंगांत धोक्याचा लाल आणि चांगल्याचा हिरवा त्याच्या डोळ्यांना एकाच मळकट छटेचे. इतर लोक नुसती नजर टाकून इतकी वर्षं जे बघत होते, ते हे होतं तर! त्याला आनंद झाला, आणि आनंदाच्या पाठोपाठ असा संताप आला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आपण मंद आहोत हे तो स्वतःही खरं मानून बसला होता.

ही गोष्ट ठाऊक होती एकट्या यशस्विनीला. बायकोपासून लपवणार कसं? लग्नानंतर दोनदा कच्चे टोमॅटो घरी आले आणि तिनं काय ते ओळखलं. बाकी मूठ झाकलेलीच होती, आणि ती झाकली गेली त्यालाही कारण होतं. मोहिते म्हणजे म्हैसूरच्या राजांच्या घोडदळातलं घराणं. शरतचे वडील मानाजीराव, घरातले आप्पा, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. शरतही विशीच्या आत भरतीला गेला. धावला, उड्या मारल्या, सगळ्यांत पुढे राहिला आणि शेवटी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पान समोर धरून आत कोणता आकडा आहे ते विचारलं. शरतला ठिपके दिसले, आकडा काही दिसेना. घरी तेव्हा धाकट्या बहिणीचं, तुंगाचं लग्न जमवायचं चाललं होतं. गावात मराठ्यांची घरं मोजकी. मोहित्यांच्या रक्तात डोळ्यांचा दोष आहे, ही बातमी त्या घरांतून फिरायला एक हळदीकुंकू पुरलं असतं. म्हणून घरी येऊन त्यानं सांगितलं, मला नाही जमायचं, मी रांगेतनंच परत आलो.

मानाजीरावांनी त्यावर एक शब्द विचारला नाही, आणि पुढे फौजेतली एकही गोष्ट मुलापुढे काढली नाही. पाहुण्यांत ते म्हणायचे, आमच्या पोराला कॉम्प्युटरची ओढ. शरतचे वेंकोजीमामा तोंडाचे फटकळ. एकदा भर लग्नात ते म्हणाले होते, मोहित्यांचा घोडा पागेतच राहिला. मानाजीराव पानावरून अर्धपोटी उठले होते, आणि शरतनं ते पाहिलं होतं. तुंगाचं लग्न होऊन तिला मुलं झाली तरी खोटं मात्र जागचं हललं नाही.

आता पेबलच्या चर्चेच्या पानावर नव्या रंगांवरून रणकंदन माजलं. कुणाला ते रंग मेलेले वाटले, कुणाला शिळ्या पिठल्यासारखे. शेवटी पेबल चालवणाऱ्यांनी जाहीर केलं की ज्याला या बदलाची खरोखर गरज आहे त्यानं शुक्रवारच्या आत बोलावं, नाहीतर जुने रंग परत आणू. आणि त्याच्याच खाली, स्वतःच्या नावानं, अनंतकृष्णांचं लांबलचक पत्र आलं. शेतकऱ्याला लाल म्हणजे धोका हे कळतं, आम्ही वर्षानुवर्षं तेच शिकवलंय, असं सगळं लिहून त्यांनी शेवट केला होता: “माझ्या ऑफिसात इतक्या वर्षांत लाल-हिरवं न कळणारा असा एकही माणूस आला नाही. हा बदल नेमका कुणासाठी?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पण शरतला हसू फुटेना. उत्तर द्यायचं तर स्वतःच्या नावानं द्यावं लागणार, आणि मालकाला कळलं की त्याच दिवशी ते घरी पोचणार. अनंतकृष्ण आणि मानाजीराव रोज संध्याकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर बरोबर फिरायचे. गप्प बसावं तर पुन्हा एकेक ठिपका टिपत बसायचं, आणि आपल्यासारखे आणखी कुठे कुठे बसलेले असतील त्यांनाही तसंच बसवायचं. दोन दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. येलवालला जायला निघाला आणि भलत्याच बसमध्ये चढला. यशस्विनी म्हणाली, “आधी आप्पांना सांग. मग जगाला.” त्यानं मान हलवली, पण आप्पांना काही सांगितलं नाही.

शुक्रवार उजाडला. अनंतकृष्ण सरगूरकडच्या विहिरी बघायला गेले होते. शरत संध्याकाळपर्यंत टेबलाभोवती घिरट्या घालत होता, आणि मग एकदम बसून त्यानं लिहिलं, “अनंतकृष्ण यांच्या ऑफिसात असा माणूस आहे. तो मी. त्यांचे नकाशे मी रंग बघून नाही, आकडे वाचून तपासतो. हा बदल माझ्यासाठी आहे.” खाली पूर्ण नाव घातलं आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर त्याच्या लक्षात आलं की मालकांच्या खिशात फोन आहे आणि ते सरगूरहून परस्पर तळ्यावर जातील. त्यानं घरी फोन लावला. यशस्विनी म्हणाली, “आप्पा मघाशीच तळ्यावर गेले की. याके, का बरं, काय झालं?” शरतनं फोन ठेवला आणि स्कूटर काढली.

मानाजीराव बांधावरच्या बाकावर एकटेच बसले होते. मुलाला असा धापा टाकत आलेला बघून ते सरकले. शरत बसला नाही. उभ्या-उभ्यानंच त्यानं सगळं सांगून टाकलं: ठिपक्यांचं पान, डॉक्टर, टोमॅटो, नकाशे, आणि आज काय लिहून बसलोय ते. मानाजीराव पाण्याकडे बघत ऐकत राहिले.

“डॉक्टरनं परत पाठवलं तुला?” त्यांनी विचारलं.

“हो आप्पा.”

“म्हंजे तू भ्याला नव्हतास.”

“नाही.”

“आन् मी एवढी वर्षं तेच समजून बसलो.” त्यांचा आवाज चढला नाही. “भित्रा म्हणवून घेणं चाललं तुला, आन् हे सांगणं चाललं नाही?”

“तुंगाचं लग्न व्हायचं होतं.”

“झालं की ते. मग?”

इतकी वर्षं आपण लाज झाकत होतो, आणि ती बापाच्या अंगावर पांघरत होतो, हे त्याला तिथं उभ्या-उभ्या कळलं, आणि त्याला रडू आलं. मानाजीरावांनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

तेवढ्यात अनंतकृष्ण वळणावर दिसले. हातात फोन, चष्मा कपाळावर, आणि चाल नेहमीपेक्षा भराभर. त्यांनी वाचलं होतं हे लांबूनच कळत होतं. शरत दोन पावलं मागे सरकला. मानाजीराव मात्र उठले, फौजेतल्या सवयीनं ताठ झाले आणि मुलाच्या पुढे जाऊन उभे राहिले. अनंतकृष्णांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली, आणि तीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

“आमच्या शरतला लाल-हिरवं कळत नाही,” ते म्हणाले. “भरतीतनं डॉक्टरनं परत पाठवला होता त्याला. आपण होऊन आला नव्हता.”