एकवीस फुलांचं थांबणं

पडदा वर जातो आणि समोर अकोटचं एसटी स्टँड उभं राहतं. दुपारची वेळ, चार वाजायला पाच मिनिटं कमी. अकोल्याची गाडी धूळ उडवत वळते आणि धापा टाकत थांबते. उजव्या अंगाला रसवंतीचं चाक खुळखुळतंय. डाव्या अंगाला लिंबाच्या सावलीत, चार बांबूंवर ताडपत्री टाकलेलं हारांचं दुकान. ओल्या पोत्यावर शेवंतीचा ढीग, बाजूला झेंडू, आणि त्यांच्या मागे सत्तरी ओलांडलेली एक बाई. सुई चाललेली, नजर खाली, ओठ बारीक हलताहेत. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई जप करते.

बाई जप करत नाही. बाई नाटक म्हणते.

या कौशल्याबाई. घर माळ्यांचं, मळा अकोटच्या शिवारातच. शिक्षण सातवीपर्यंत. गावाला त्या हारवाल्या म्हणून ठाऊक. पण एके काळी अकोटच्या हौशी नाटक मंडळींचा सगळा डोलारा या बाईच्या कुजबुजीवर उभा होता. प्रयोगात विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवणारा प्रॉम्प्टर असतो ना, ती त्या होत्या. प्रेक्षकांना कधी दिसल्या नाहीत, ऐकूही आल्या नाहीत. चांगल्या प्रॉम्प्टरची ओळख तीच.

चार वाजले की कौशल्याबाई डावीकडे बघायचं टाळतात. डावीकडे कुणीतरी उभं असतं. हात मागे बांधलेले, मान किंचित कलती, काहीतरी मागायला आलेलं आणि काय मागायचं ते विसरलेलं. दिसत नाही, पण तेवढ्या जागेतली हवा घट्ट होते आणि सुई बोटात थांबते. वीस वर्षांत कौशल्याबाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या दुपारी अमरावतीच्या प्रयोगात गुरुजी थांबले होते, की अडकले होते?

गुरुजी म्हणजे खुशालराव. शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीनंतर त्याच वर्गात बाकं बाजूला सारून तालीम घ्यायचे. कौशल्याबाई तिथे पहिल्यांदा गेल्या त्या नाटकातल्या लग्नाचे हार पोचवायला. हार पुरे व्हायचे होते म्हणून कोपऱ्यात बसून ओवत राहिल्या. एका नटाचं घोडं अडलं, वही हातात असलेला माणूस पान शोधत राहिला, आणि कोपऱ्यातून, सुईवरची नजर न उचलता, वाक्य आलं. एकदा नाही, तीनदा.

"बाई, तुमी कवा वाचलं हे?" गुरुजींनी विचारलं.

"वाचलं नाई गुरुजी. चार दिवस ऐकून राहिली ना."

गुरुजींनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मंडळींनी टोमणे मारले, "आता हारवाली नाटक चालवते का?" चालवलं. सतरा वर्षं चालवलं.

त्यातलं शेवटचं नाटक 'रिकामा पाट'. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या नत्थुजींनी लिहिलं होतं. छापलं कधीच गेलं नाही. कौशल्याबाईंच्या ट्रंकेत होती ती एकच वही. गोष्ट साधी. भांडून बापाने मोठ्या मुलाला घराबाहेर काढलेलं. तरी घरात रोज जेवणाच्या वेळी त्याचा पाट मांडलेला दिसतो. सगळ्यांना वाटतं, आई मांडते. आई जाते, तरी पाट मांडलेला असतोच. घर घाबरतं. नऊ वर्षांनी मुलगा परत येतो, पाट बघतो आणि बापाला विचारतो, "बाबा, माय तं गेली. मंग माह्या पाट कोणं मांडला?" बाप थांबतो. मग एकच वाक्य बोलतो आणि पडदा पडतो.

बाप खुशालराव करायचे.

कौशल्याबाईंची नात प्रणाली अकोल्याच्या कॉलेजात शिकते. रोज एसटीने ये-जा. यंदा सरांनी सांगितलं, कुठल्याही एका नाटकाचं विवेचन लिहून आणा. वर्गातल्या मुलांनी छापील नाटकं घेतली, ज्यांच्यावर आयतं लिहिलेलं मिळतं. प्रणालीने आजीची ट्रंक उघडली.

पहिला निबंध तिने दोन दिवसांत लिहिला आणि दुकानात, झेंडूच्या ढिगाजवळ बसून वाचून दाखवला. कौशल्याबाईंनी पूर्ण ऐकून घेतला.

"झालं?"

"झालं. कसा वाटला?"

"पोरी, लग्नाले न आलेल्या पावन्याले लग्न कसं झालं थे सांगतेत ना, तसं सांगतलं तुनं. हा आला, थो गेला, ही रडली. तुह्यं म्हणनं काय हाय यात?"

प्रणाली फुरंगटली. "सरही हेच म्हनतेत. एक म्हणनं मांडा अन् नाटकातूनच सिद्ध करा. आता मी काय वकील हावो का?"

"वकीलच हो. अन् साक्षीदार वहीतून आन. बाहेरचा नको." कौशल्याबाईंनी दात लावून दोरा तोडला. "लोक काय बोलतेत थे मंग पाह्य. पहिले सामान पाह्य. पाट कवा येते, कुठी येते, थ्या वेळी घरात कोन हाय, कोन नाई. जो बोलत नाई त्याच्यावर जास्त डोया ठेव."

त्या आठवड्यात पोरीने वही अक्षरशः पिंजून काढली. प्रत्येक प्रवेशापुढे लिहिलं, रंगमंचावर कोण, कोण आत, पाट कुठे. गुरुवारी ती गाडीतून उडी मारूनच उतरली.

"आजी! तिन्ही अंकांत पाट मांडायच्या आधी घरात एकटा बापच असते. तो एकदाही पाटाकडे पाहत नाई, पाटाबद्दल एक शब्द बोलत नाई. सगळे बोलतेत, तो नाई. नत्थुजीनं उत्तर पहिल्या अंकातच ठेवलं होतं अन् आपल्याले दिसलंच नाई!"

कौशल्याबाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी. "आता लिव."

दुसरा निबंध खरंच चांगला झाला. प्रत्येक विधानाखाली वहीतलं वाक्य, प्रत्येक वाक्यामागे कारण. कौशल्याबाई मान डोलवत ऐकत होत्या, आणि मग शेवटचा परिच्छेद आला.

"शेवटच्या वाक्याआधीचं मौन हे नाटकाचं शिखर आहे," प्रणाली वाचत होती. "वहीच्या समासात प्रॉम्प्टरने प्रत्येक प्रयोगातलं हे मौन फुलं काढून मोजलं आहे. अमरावतीच्या स्पर्धेत नटाने ते एकवीस फुलांपर्यंत नेलं. अभिनयाच्या पहिल्या पारितोषिकाने या मौनाचा गौरव झाला."

सुई बोटात गेली. शेवंतीच्या पिवळ्या पाकळीवर लाल ठिपका आला.

"थे खोड."

"काहून? बक्षीस भेटलं होतं ना? तूच तं सांगत होती."

"खोड म्हनते ना मी!"

समोरच्या रसवंतीवाल्यानेही मान वळवली. आजीचा आवाज चढलेला प्रणालीने कधी ऐकला नव्हता. चार वाजत आले होते. कौशल्याबाईंनी डावीकडे एकदा पाहिलं, लगेच नजर खाली घेतली, आणि वीस वर्षांत कुणालाही न सांगितलेलं त्या सांगू लागल्या.

विंगेत घड्याळ नसायचं. म्हणून त्या थांबण्याची जागा फुलांनी मोजायच्या. एक फूल ओवायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक फूल. प्रयोग संपला की समासात तेवढे गोल काढायच्या. आणि त्या एका जागेबद्दल गुरुजींनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं. "बाई, तिथी मले वाक्य देऊ नका. कितीबी वेळ लागू द्या. थांबनं माह्यं आहे, त्यात तुमी बोलू नका."

अमरावतीचा प्रयोग दुपारचा होता. मुलाने विचारलं, "माह्या पाट कोणं मांडला?" गुरुजी थांबले. पाच फुलं झाली. दहा झाली. सभागृहात पंख्यांचा आवाज येऊ लागला. पंधरा. आणि मग गुरुजींनी हळूच मान वळवून विंगेत पाहिलं. थेट त्यांच्याकडे.

"वाक्य माह्या व्हटावर होतं, प्रणाली. जोरानं म्हनाचीबी गरज नव्हती. मी देलं नाई. शब्द देला होता ना! इकडे लोकाईनं टाया वाजवल्या. टाया पडल्या म्हनून पडदा ओढनाऱ्यानं पडदा सोडला. नाटकाचं शेवटचं वाक्य थ्या दिवशी कोनी बोललंच नाई. अन् लोकाईले वाटलं, वा, काय शेवट आहे!"

परतीच्या गाडीत सगळे नाचत होते. गुरुजी खिडकीशी बसले होते, मांडीवर बक्षिसाची ढाल. अकोटला उतरताना कौशल्याबाईंजवळ थांबून एवढंच म्हणाले, "बाई, तुमी लय इमानदार आहा." त्यानंतर त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. दर गुरुवारी चार वाजता दुकानावर यायचे, हार घ्यायचे. हळूहळू पैसे द्यायचं विसरले, मग हार न्यायचं विसरले, मग हार हा शब्दच विसरले. नुसते डावीकडे येऊन उभे राहायचे. त्यांची सून शोधत यायची आणि हाताला धरून न्यायची. असं करत एक दिवस गेले.

"थे मले शाबासकी देऊन गेले का शिवी, मले अजून समजलं नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "बुडता मानूस हात मागून राहिला अन् मी वचन पाळून राहिली. अन् तू म्हनते गौरव."

प्रणालीने वही उघडली आणि समासावर बोट ठेवून वाचू लागली, गेल्या पंधरा दिवसांत जसं वाचायला शिकली होती तसं.

"आजी, पहिल्या तीन प्रयोगाले फुलं काहून नाईत?"

"तवा थे थांबत नव्हते. प्रश्न आला का वाक्य."

"चौथा. हिवरखेड. चार फुलं, अन् बाजूले तुनं बारीक लिवलंय, 'दिलं'."

"हो... हिवरखेडले मी वाक्य देलं होतं."

"अन् वचन कवा घेतलं?"

सुई थांबली. "थ्याच्या दुसऱ्या दिवशी. दुकानावर आले होते."

"मंग पाह्य. पाच. पाच. सात. चांदूर बाजारले नऊ. मंग बारा. मंग अमरावती एकवीस." प्रणालीचा आवाज खाली आला. "ठरवून थांबनारा मानूस रोज सारखा थांबते, आजी. हे वाढत गेलं. गुरुजी पहिले इसरले, अन् मंग त्याईनं तुले वचन मागतलं. त्याईले माहीत होतं."

कौशल्याबाईंनी वही ओढून घेतली. गोल त्यांचेच, शाई त्यांची, तारखा त्यांच्या अक्षरात. सतरा वर्षं नटांना दुसऱ्यांची वाक्यं वाचून देणाऱ्या बाईने स्वतः लिहिलेली ही एक ओळ कधी वाचलीच नव्हती. त्यांनी गोलांवरून बोट फिरवलं. पाच, पाच, सात, नऊ, बारा. प्रत्येक वेळी हा माणूस काळोख्या विहिरीत उतरला होता आणि वाक्य एकटाच वर घेऊन आला होता. कोणाला कळू न देता. त्यांनाही.

"मंग थ्या दिवशी माह्याकडे काहून पाहलं?"

"थे वहीत नाई," प्रणाली म्हणाली. "जे वहीत नाई थे मी सांगू शकत नाई."

आजीने तिच्याकडे पाहिलं. पोरगी शिकली होती. आणि शिकल्याचं दुखतंही होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हे लिवू का मी? फुलं वाढत गेली थे?"

"नोको. निबंध नाटकावर हाय, पोरी. गुरुजीवर नाई. त्याईनं जे झाकलं थे झाकलेलंच राहू दे. फक्त गौरव नोको लिवू. शेवटी नत्थुजीचं वाक्य लिव. थ्या दिवशी राहून गेलं होतं."

पुढच्या गुरुवारी प्रणाली पक्का निबंध घेऊन आली. सरांना द्यायच्या आधी आजीला वाचून दाखवायचा होता. हारांची गर्दी ओसरली होती. कौशल्याबाईंनी शेवंतीचा एक हार गुंडाळून डाव्या बाजूला ठेवला होता, कोणासाठी ते प्रणालीने विचारलं नाही.

ती वाचत गेली. पाट, रिकामं घर, न बोलणारा बाप. शेवटच्या पानावर आली. "आणि मुलगा विचारतो," तिने वाचलं, "'बाबा, माय तं गेली. मंग माह्या पाट कोणं मांडला?'"

इथे ती थांबली. पुढचं वाक्य कागदावर होतं. पण आजीचा चेहरा बघून तिच्याने ते वाचवेना.

स्टँडवर चारची गाडी लागली. एक फूल. दोन. रसवंतीचं चाक थांबलं होतं. पाच. डावीकडची हवा घट्ट झाली, आणि या वेळी कौशल्याबाईंनी नजर खाली घेतली नाही. हात मागे बांधून, मान कलती करून, गुरुजी उभेच होते. थेट त्यांच्याकडे बघत. सहा. सात.

कौशल्याबाईंनी सुई पोत्यात टोचून ठेवली. विंगेत उभ्या राहायच्या तशा किंचित डावीकडे झुकल्या, ओठ अगदी हलक्याने उघडले, आणि प्रेक्षकांना कधीही ऐकू न आलेल्या त्या आवाजात म्हणाल्या,

"रोज मीच मांडत होतो."