उंब्रियात ‘येतो’ म्हणालो त्याची गोष्ट

पैसे देऊन चालायला जाणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच माणूस असेन. आमचे वाडवडील कोसच्या कोस चालले, पण बसच्या तिकिटाला पैसे नसत म्हणून. मी मात्र रीतसर रजा टाकून, व्हिसा काढून, विमानात बसून इटलीत चालायला निघालो होतो.

ही अक्कल माझी नव्हे, हमीदभाईंची. हमीदभाई रत्नागिरीकडचे. बहरीनमध्ये, गुदैबियात, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक ट्रॅव्हल एजन्सी होती, तिथे ते तिकिटांचं काम पाहायचे. दरवर्षी माझं नागपूरचं तिकीट त्यांच्याच हातचं. त्या वर्षी सप्टेंबर उजाडला तरी मी खाली फिरकलो नाही, तेव्हा तेच जिना चढून वर आले. भिंतीवरचं मुलीचं शाळेचं वेळापत्रक मी अजून काढलं नव्हतं, ते त्यांनी नुसतं पाहिलं.

“रामटेके, रजा घेऊन इथंच बसनार काय? एसीची हवा खात?”

“बघू.”

“बघू काय? नागपूरला नाय जायचं ना, मग दुसरीकडे जा. पन जा. मानूस असा बसून राहिला की त्याला बुरशी येते. यल्ला!” (चला, आटपा!) असं म्हणत त्यांनी एक रंगीत पत्रक माझ्यासमोर टाकलं. हिरवे डोंगर, त्यांतून जाणारी पायवाट आणि हातात काठ्या घेतलेली गोरी माणसं. वॉकिंग हॉलिडे. मी म्हटलं, चालेल. आता ‘चालेल’ म्हटल्यावर चालावं लागणारच होतं.

नागपूरला का जायचं नव्हतं, ते सांगायला हवं. जूनमध्ये माझी बायको शालिनी मुलीला घेऊन कायमची परत गेली होती. पल्लवीची ईसा टाउनच्या शाळेतली दहावी झाली आणि शालिनीला नागपुरात इंदोऱ्याजवळच्या एका शाळेत नोकरी मिळाली. तिचं म्हणणं, तिघंही जाऊ. माझं म्हणणं, पुढच्या वर्षी. हे ‘पुढच्या वर्षी’ आमच्या घरात पल्लवीएवढंच जुनं होतं. भांडण झालं नाही. मुहर्रकच्या विमानतळावर सामान आत गेलं, पल्लवीने “बाय पप्पा” केलं आणि शालिनी म्हणाली, “जाते मी.”

वाचकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे उंबऱ्यावर ‘जातो’ म्हटलं की घरातलं कोणीतरी खेकसतंच, “जातो नाही, येतो म्हण!” ज्याला परत यायचं नाही तो जातो. शालिनी माहेरच्या दारात, बाजाराला निघताना, अगदी जिन्यावर कचरा टाकायला जातानाही ‘येते’ म्हणणारी बाई. ती ‘जाते’ म्हणाली. तो शब्द उन्हाळाभर माझ्या कानात होता. त्यात ऑफिसात साहेबांनी सांगून ठेवलं होतं, रजेवरून आलात की व्हिसा वाढवायचा का ते कळवा. वाढवायचा तर पुढची दोन वर्षं इथेच. नागपूरला जाऊन शालिनीसमोर उभं राहायची माझी छाती होत नव्हती, म्हणून मी इटलीला गेलो. खरं कारण हे असं.

रोमला उतरलो तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती हवा. बहरीनमध्ये सप्टेंबरात दार उघडलं की ओलं गरम फडकं तोंडावर पडतं. इथे हवेला वास होता, कापलेल्या गवताचा. बसने आम्हाला उंब्रिया नावाच्या डोंगराळ प्रांतात असीसीला नेलं. आमची वाटाड्या लुचिया, तिशीची, उन्हाने रापलेली, इंग्रजी भराभर बोलणारी. बाकी सगळी मंडळी विलायतेतली, आणि सगळी जोडीने आलेली. रोज सकाळी निघताना लुचिया ओरडायची, “आपापला जोडीदार शेजारी आहे का बघा!” सगळे बाजूला बघायचे. मग ती माझ्याकडे वळून म्हणायची, “आणि मिस्टर रामटेके?” मी हात वर करायचो. चौथीतल्या हजेरीनंतर इतक्या नेमाने मी कधी हात वर केला नव्हता.

असीसी गुलाबी दगडाचं गाव आहे. संध्याकाळी त्या दगडाला आतून दिवा लावल्यागत उजेड येतो. चर्चच्या दारात तपकिरी झग्यातला, कमरेला दोरी बांधलेला एक साधू भेटला. घरदार, बापाची दौलत सोडून भिक्षेवर राहिलेल्या एका संताचा हा पंथ, असं लुचियाने सांगितलं. पायात वहाणा, डोक्यावर मुंडण. आमच्या विहारातल्या भंतेजींची आठवण होऊन माझे हात आपोआप जुळले. तोही हसला आणि मान लववून आत गेला. त्या दिवसभरात माझ्याशी कोणी शब्दांशिवाय बोललं ते एवढंच.

चालणं सोपं नव्हतं. ऑलिव्हची राखी झाडं, खाली दरीत धूर, वर उघडा बोडका डोंगर, सगळं सुंदर. पण मनामाच्या सूकमधून (बाजारातून) घेतलेल्या माझ्या बुटाने दुसऱ्याच दिवशी जबडा वासला. केन नावाचे निवृत्त मास्तर होते, त्यांनी खिशातली सुतळी काढून तो बांधून दिला. त्यांच्या पत्नी मार्गारेट म्हणाल्या, “आता आमचा एक फोटो काढता का?” मी काढला. मग सगळ्याच जोड्यांनी आपापले कॅमेरे माझ्याकडे दिले. त्या सहलीत मी ढीगभर फोटो काढले आणि एकाही फोटोत मी नाही. तक्रार करत नाही, माझा कॅमेरा माझ्या पिशवीतच होता. पण जेवणाच्या लांब टेबलाच्या टोकाला बसून दुसऱ्यांचं हसणं ऐकताना मला फार एकटं वाटायचं. गुदैबियाच्या खोलीत एकटं असणं वेगळं, आणि इतक्या चांगल्या देखाव्यासमोर “अगं, हे बघ” म्हणायला कोणी नसणं वेगळं.

मग आम्ही सिन्योरा (बाईसाहेब) असुंताच्या शेतघरी मुक्कामाला पोचलो. सिन्योरा सत्तरीची, ठेंगणी, काळ्या कपड्यांतली. चुलीवर ठेवलेल्या गोल जाड तव्यावर ती एक भाकरी भाजत होती. तिकडे तिला तोर्ता म्हणतात. मैद्याची असते, पण उलटायची तऱ्हा, कडेने दाबायची तऱ्हा सगळी ओळखीची. मला राहवलं नाही. पिशवीतून जवसाच्या चटणीची बरणी काढली. शालिनी जाताना दोन बरण्या करून ठेवून गेली होती, त्यातली ही दुसरी, तळाला आलेली. गरम तोर्त्यावर तेल आणि चटणी घातली. सिन्योराने वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने बरणी स्वतःकडे ओढली. बाकीचे टाळ्या वाजवू लागले.

सकाळी निघताना बाईचा निरोप घ्यावा असं मनात आलं. लुचिया गाडीत सामान चढवत होती. तिला विचारलं, “‘मी परत येतो’ला काय म्हणता?” ती घाईत म्हणाली, “तोर्नो.” मी चुलीपाशी जाऊन हात जोडून म्हणालो, “तोर्नो.” सिन्योराने चमकून पाहिलं. “स्तासेरा?” मला वाटलं, ‘बरं’ म्हणत असेल. मी मान हलवली. “सी, सी.” (हो, हो.) बाई खुश झाली. मीही खुश झालो, म्हटलं चला, एका तरी माणसाचा आपण नीट निरोप घेतला.

संध्याकाळी डोंगरापलीकडच्या गावात आम्ही जेवायला बसलो असताना फोन आला. लुचिया बोलून परत आली ती कपाळावर हात मारून.

“मिस्टर रामटेके, तुम्ही असुंताला काय सांगितलंत?”

“तोर्नो.”

“आणि तिने विचारलं, आज संध्याकाळी का? तर तुम्ही हो म्हणालात! तिने तुमच्यासाठी मसुराचं सूप केलंय. खोली दुसऱ्या कोणाला दिली नाही. विचारतेय, तो भारतीय माणूस रस्ता चुकला का?”

सगळं टेबल हसलं. मी शक्य तितकं समजावलं, की आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून सगळे ‘येतो’ म्हणतात.

केनमास्तर म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडे कोणी जातच नाही?”

“जातात. पण सांगत नाहीत.”

“मग जो थांबलाय त्याला कळायचं कसं?” मार्गारेटबाईंनी विचारलं. त्यांनी सहज विचारलं होतं. मी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी विश्रांती होती. मी लुचियाला म्हणालो, मी चालत मागे जाऊन येतो. ती म्हणाली, फोनवर माफी मागितली की पुरे. मी म्हणालो, नाही पुरे. तिने कागदावर वाट काढून दिली, तरी मी एका चर्चपाशी चुकलो आणि कोणाच्या तरी द्राक्षाच्या मळ्यात शिरलो. तिथल्या कुत्र्याने मला हद्दीबाहेर पोचवलं. बुटाची सुतळीही तुटली. एकटाच चालत होतो, पण त्या वाटेवर पहिल्यांदाच मला एकटं वाटलं नाही, कारण पलीकडे कोणीतरी माझी वाट बघत होतं.

सिन्योरा दारातच होती. मला वाटलं होतं, हसेल, गळ्यात पडेल. छे! तिने माझ्याकडे पाहून बोट उगारलं, “येरी!” (काल!) आणि आत जाऊन सूप गरम करायला ठेवलं. टेबलावर एक ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेलं होतं. त्याखाली वाळलेला तोर्ता होता. तो तिने फेकला नाही, माझ्याच पानात वाढला. मी पिशवीतली उरलेली चटणी लावून तो मुकाट्याने खाल्ला.

त्या झाकलेल्या ताटाकडे बघता बघता माझं चित्त नागपूरला गेलं. दर शुक्रवारी मी बूथवरून फोन करायचो. पल्लवीच्या परीक्षा, पाऊस, पाण्याची टाकी, आणि कार्ड संपत आलं की म्हणायचो, “बरं, येतो.” फोन ठेवायची ती माझी रीत. इतकी वर्षं दर रजेनंतर नागपूर सोडतानाही आईबाबांना ‘येतो’, शालिनीला ‘पुढच्या वर्षी’. हे ऐकून तिकडे कोणी ताट झाकून ठेवत असेल, असं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शालिनीला मात्र ठाऊक होतं. म्हणून तिने विमानतळावर शुभ-अशुभ बाजूला ठेवून खरं तेच सांगितलं. तिने शाप दिला नव्हता. तिने निदान मला तरी तिचं ताट झाकत बसायला लावलं नव्हतं. मला रडू आलं. सिन्योराला वाटलं चटणीमुळे, तिने पाणी पुढे केलं.

निघताना मी बरणी तिच्या ओट्यावर ठेवली. सवयीने तोंडातून “तोर्...” निघालं, तशी तिने बोट वर केलं. “तोर्नो ओ वादो?” हातवाऱ्यांनी अर्थ कळला. येतोस, की जातोस?

मी म्हणालो, “वादो.” जातो. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्याच्या दारात उभं राहून मी तो शब्द उच्चारला. काही आभाळ कोसळलं नाही. सिन्योराने समाधानाने मान हलवली, माझ्या दंडावर थोपटलं आणि ती कोंबड्यांकडे वळली.

पुढचे डोंगर, चर्चं, चित्रं मी पाहिली, पण त्यांचं वर्णन मी करत नाही. ती पाहणारी जोडपी पुष्कळ आहेत, ती लिहितील.

बहरीनला उतरलो तेव्हा दारातच ते ओलं गरम फडकं तोंडावर बसलं. हमीदभाई दुकानात होते. त्यांनी माझ्या पायांकडे बघून विचारलं, “बूट खलास?” मी म्हटलं, “खलास.” “आनि बुरशी?” मी हसलो. जिना चढण्याआधी कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो. तो शुक्रवार नव्हता.

पल्लवीने उचलला. “पप्पा? टुडे? होल्ड ऑन, मम्मी इज हियर.”

मग शालिनीचा आवाज. “काय झालं? तब्येत बरी हाय ना?”

“बरी आहे. तुझी चटणी संपली.”

“दोन्ही बरण्या? इतक्या लवकर?”

“एक इटलीत दिली. एका म्हातारीला.”

“तुमचं डोकं फिरलं काय बापा,” ती म्हणाली, पण आवाजात थोडं हसू होतं. मागे कुकरची शिट्टी झाली. कार्डावरचे आकडे उतरत चालले होते.

“शालू, धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर गर्दी असते ना खूप?”

“असते ना. काहून?”

“काही नाही. येतो.”

तिकडे गॅस बंद केल्याची खट् ऐकू आली. मग तिने हळूच विचारलं, “नुसतं येतो म्हणून राहिले, का खरंच येऊन राहिले?”

व्हिसा वाढवायचा नाही, हे साहेबांना मी अजून सांगितलेलं नव्हतं. पण ते उद्याचं काम होतं.

“येऊन राहिलो,” मी म्हणालो.